पुण्याच्या बागा आणि रहिवासी: कुठे जमले, कुठे अडले

पुणे महापालिकेकडे दोनशेहून अधिक उद्याने आहेत. सारसबाग, संभाजी उद्यान, कमला नेहरू पार्क, सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ही नावे बाहेरगावच्या पाहुण्यांनाही ठाऊक असतात. पण बहुतेक पुणेकरांची रोजची बाग वेगळीच असते. कॉलनीच्या कोपऱ्यावरची, अर्ध्या-एक एकराची, सकाळी हास्यक्लब भरणारी, दुपारी फाटक बंद होणारी आणि संध्याकाळी आजी-नातवंडांनी गजबजणारी. अशा बागेत झोपाळ्याची साखळी तुटली, स्वच्छतागृहाला कुलूप लागले किंवा माळीच येईनासा झाला, तर सांगायचे कोणाला? आणि मुळात बागेत काय असावे हे ठरवताना तिथे रोज येणाऱ्या माणसाला कोणी विचारते का?

या प्रश्नाचा पुण्याइतका अनुभव राज्यातल्या फार थोड्या शहरांना आहे. रहिवासी संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ, मोहल्ला कमिट्या, परिसर आणि सजग नागरिक मंचासारख्या संस्था, टेकड्यांवर झाडे लावणारे गट असे सगळे इथे वर्षानुवर्षे महापालिकेशी भांडत आणि तिच्याबरोबर कामही करत आले आहेत. हा अनुभव एकत्र ठेवून पाहिला की एक गोष्ट लख्ख दिसते. बागेची जागा वाचवण्यात पुणेकर पटाईत आहेत आणि झाडावर कुऱ्हाड पडायची वेळ आली की धावून जाण्यातही. मधला सगळा भाग, म्हणजे आराखडा, पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), निविदा आणि नंतरची देखभाल, त्यांच्या हाती कधी आलाच नाही. आणि बागा बिघडतात त्या नेमक्या याच भागात.

आधी जागेचे पाहू, कारण तिथली कामगिरी खरोखर अभिमानाची आहे. 1997 मध्ये 23 गावे शहरात आली आणि त्यांच्याबरोबर टेकड्यांचे उतारही आले. या उतारांवर बांधकाम होऊ नये म्हणून जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे, आरक्षण मागणारी चळवळ उभी राहिली. सुमारे 978 हेक्टरांचे हे आरक्षण राज्य सरकारने मान्य केले ते 2015 मध्ये. जवळजवळ दोन दशके माणसांनी बैठका, सह्या, निवेदने, सुनावण्या यांचा नेट सोडला नाही. जुन्या हद्दीचा विकास आराखडा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे 87 हजार हरकती-सूचना दाखल झाल्या, आणि त्यांत मोकळ्या जागांची आणि बागांची आरक्षणे उठवू नका, ही मागणी मोठ्या आवाजात होती. 2021 मध्ये महापालिकेने ताब्यातली सुविधा क्षेत्रे दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने खासगी संस्थांना देण्याचा घाट घातला, तेव्हाही नागरी संघटना पाय रोवून उभ्या राहिल्या. एम्प्रेस गार्डनच्या काही जागेवर 2018 मध्ये सरकारी निवासस्थाने बांधायचा विचार पुढे आला, त्याला तर सगळ्या पक्षांतल्या आणि कुठल्याच पक्षात नसलेल्या लोकांनी मिळून विरोध केला.

पण नकाशावर हिरवा रंग भरला म्हणजे बाग होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चे कलम 127 सांगते की आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर जमीनमालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत महापालिका हलली नाही तर आरक्षण आपोआप संपते. बीडीपीची बरीचशी जमीन अजूनही खासगी मालकीची आहे. म्हणून जागेची लढाई जिंकली असे कोणत्याही वर्षी म्हणता येत नाही. आपल्या भागातले आरक्षण किती साली पडले आणि त्याची दहा वर्षे कधी भरतात, ही तारीख प्रत्येक रहिवासी संघाच्या वहीत असायला हवी. माझ्या पाहण्यात ती फार थोड्यांकडे आहे.

आता कायदा लोकांना काय देतो ते पाहू. 74 व्या घटनादुरुस्तीने बागा आणि क्रीडांगणे महापालिकेच्या विषयांच्या यादीत, बाराव्या अनुसूचीत, स्पष्ट लिहिली. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात या समितीवर नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घ्यायची तरतूद आहे. हेतू चांगला होता, पण या तीन खुर्च्यांवर बहुधा पक्षांचे कार्यकर्ते बसतात, ही तक्रार पुण्यात जुनी आहे आणि ती रास्त आहे. 2009 मध्ये कायद्यात क्षेत्रसभाही आली. गावात ग्रामसभा, तशी शहरात मतदान केंद्रांच्या पातळीवर मतदारांची सभा. ती प्रत्यक्षात आली असती तर कोपऱ्यावरच्या बागेचा विषय तिथेच निघाला असता. बाणेरच्या रहिवाशांनी या कल्पनेवरून आपली स्वतःची एरिया सभा उभी केली. पण अधिकार असलेली, कायद्याने बोलावलेली क्षेत्रसभा पुण्याने पाहिलेली नाही.

मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची काही वर्षे नगरसेवकच नव्हते. या काळात क्षेत्रीय कार्यालयांतल्या मोहल्ला कमिटीच्या बैठकांना महत्त्व आले. सहायक आयुक्त समोर, उद्यान, पथ, पाणीपुरवठा, घनकचरा या विभागांची माणसे शेजारी, आणि रहिवासी आपापल्या तक्रारी घेऊन उभे. उपयोग होतो तो लहान गोष्टींचा: दिवा लागतो, फांद्या छाटल्या जातात, नळ दुरुस्त होतो. पण या बैठकीला कायद्याचा आधार नाही. तिथे दिलेला शब्द पुढच्या अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, आणि अधिकारी बदलला की संघाच्या सचिवांना सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते.

पैशांच्या बाबतीत पुण्याने एक मोठे पाऊल उचलले होते, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायला हवे. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 मध्ये अंदाजपत्रकातला एक हिस्सा नागरिकांच्या सभांतून ठरवायला सुरुवात केली. तीच कल्पना घेऊन पुणे महापालिकेने 2006-07 च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून कामे सुचवून घ्यायला सुरुवात केली. देशात असे करणाऱ्या पहिल्या मोठ्या शहरांत पुणे होते. जनवाणी आणि सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन या संस्थांनी ही पद्धत लोकांपर्यंत नेण्यासाठी कष्ट घेतले. प्रत्येक प्रभागासाठी ठरावीक रक्कम, आणि एका कामाला पाच लाखांची मर्यादा.

या अर्जाचा प्रवास एकदा नीट पाहण्यासारखा आहे. रहिवासी संघ अर्ज भरतो: अमुक बागेत ज्येष्ठांसाठी बाक, तमुक ठिकाणी पायवाट. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात जातो. कनिष्ठ अभियंता जागा पाहतो, काम होण्याजोगे आहे का आणि जागा महापालिकेच्या ताब्यात आहे का ते लिहितो, खर्चाचा अंदाज काढतो. मग यादी प्रभाग समितीपुढे जाते, तिथून मुख्य इमारतीत, आणि अंदाजपत्रकाच्या जाड पुस्तकात एक ओळ होऊन उमटते. इथपर्यंत पोहोचलेल्या कामाचेही पुढे खरे नसते. वर्षाच्या मध्यात वर्गीकरणाचा प्रस्ताव येतो आणि एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवली जाते. ज्याने काम सुचवले त्याला ना ते मंजूर झाल्याचे पत्र मिळते, ना वगळल्याचे. नगरसेवकाच्या स यादीतले, म्हणजे त्याने स्वतः सुचवलेले, काम कोणी वगळले तर नगरसेवक सभागृहात विचारू शकतो; नागरिकाच्या ओळीसाठी विचारणारे तिथे कोणी नाही. सुरुवातीच्या वर्षांतला उत्साह ओसरला तो यामुळे. लोकांना कंटाळा आला असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

याच पद्धतीतला दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. पाच लाखांत आणि एका वर्षात काय बसते? बाक, पेव्हिंग ब्लॉक, ओपन जिमची यंत्रे, कमान, नामफलक. माळी बसत नाही. पाणी घालणारा हात, तण काढणारी बाई, रात्रीचा रखवालदार यांतले काहीच बसत नाही, कारण ते दरवर्षी लागणारे खर्च आहेत आणि अर्ज एकदाच करायच्या कामाचा आहे. त्यामुळे रहिवासी संघही नकळत बांधकामच मागायला शिकले. ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राची गरज मी नाकारत नाही. पण बागेतच खोली, बागेतच मंच, बागेतच वाचनालय असे करत करत माती किती उरली याचा हिशेब कोणीतरी ठेवायला हवा. कितीतरी बागांत झाडाच्या बुंध्यापर्यंत फरशी आली आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत काढायला सांगितले होते. पुण्यातला एखादा संघ नव्या बाकांच्या जागी बुंध्याभोवतीच्या फरश्या काढून मागेल तर तेच काम कमी पैशांत जास्त उपयोगाचे होईल.

देखभालीच्या या मधल्या भागात लोक उतरले तर काय होते याचे एक साधे उदाहरण पालापाचोळ्याचे आहे. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू झाली की बागेत रोज पोतीच्या पोती पाने निघतात. ती जाळायला घनकचऱ्याच्या नियमांत बंदी आहे, तरी धूर निघायचा, कारण झाडणाऱ्या माणसाने ती पाने न्यायची कुठे, हे कोणी ठरवलेलेच नव्हते. ब्राउन लीफ या पुण्यातल्या गटाने 2016 पासून यावर उत्तर शोधले: ज्यांच्याकडे पाने आहेत त्यांनी ती जाळू नयेत, ज्यांना गच्चीवरच्या बागेसाठी हवीत त्यांनी ती न्यावीत, आणि बागेत राहतील त्यांचे तिथेच खत करावे. जाळीचे गोल कुंपण, त्यात थरावर थर पाने, अधूनमधून शेणपाण्याचा शिडकावा. काही महिन्यांनी खालून काळी, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीचा वास येणारी माती निघते. ती बागेतल्याच वाफ्यात जाते. यासाठी निविदा लागली नाही, उद्घाटन लागले नाही. लागला तो माळी, बागेत रोज येणारी चार माणसे आणि उद्यान विभागाचा एक समजूतदार अधिकारी यांचा आपसातला विश्वास. लोकसहभाग म्हणतात तो मला इथे दिसतो.

संपूर्ण बागच संस्थेकडे द्यावी, हा आणखी एक मार्ग. त्याचीही उदाहरणे घरचीच आहेत. एम्प्रेस गार्डन चालवते ती अॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया, 1830 पासूनची संस्था. तिथली जुनी झाडे आणि जानेवारीतले पुष्पप्रदर्शन पाहिले की दीर्घकाळ एकाच हाताने निगा राखली तर काय होते ते समजते. कोरेगाव पार्कमधला घाण वाहणारा नाला ओशो आश्रमाच्या संस्थेने महापालिकेशी करार करून घेतला आणि तिथे सुमारे 12 एकरांचे ओशो तीर्थ उद्यान उभे केले. काम देखणे झाले यात शंका नाही. मात्र खुले राहण्याच्या वेळा कमी आणि वावरण्याचे नियम संस्थेचे. सार्वजनिक जागा संस्थेकडे गेली की हा प्रश्न येतोच. वारज्याला वन विभागाच्या उघड्या टेकडीवर टेरे पॉलिसी सेंटर, उद्योग आणि नागरिक यांनी मिळून सुमारे 16 हेक्टरांवर नगरवन उभे केले, आणि 5 जून 2020 रोजी केंद्र सरकारने देशात 200 नगरवने उभारण्याची योजना जाहीर केली तेव्हा वारज्याचाच दाखला दिला. बाणेरच्या टेकडीवर वसुंधरा अभियानाची माणसे गेली अनेक वर्षे चर खणून आणि पाणी वाहून झाडे जगवत आली आहेत.

मुंबईचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. तिथे मैदाने आणि बागा दत्तक देण्याच्या पद्धतीत ओव्हल मैदानासारखी चांगली कामे झाली, आणि काही जागांवर राजकीय वजन असलेल्या संस्थांनी क्लब आणि जिमखाने थाटले, जिथे सामान्य माणसाला पाय ठेवणे मुश्कील झाले. 2016 मध्ये नवे दत्तक धोरण मंजूर होताच एवढा गदारोळ उठला की त्याला स्थगिती द्यावी लागली. न्यूयॉर्कमध्ये 1980 साली स्थापन झालेल्या सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सीचे नाव अशा चर्चेत नेहमी निघते. तिथे उद्यानाची मालकी शहराचीच राहिली, करार लेखी आणि जाहीर आहे, आणि खर्चाचा मोठा भाग देणग्यांतून येतो. पण त्या उद्यानाभोवती जगातली अत्यंत श्रीमंत वस्ती आहे. जनता वसाहतीसारख्या झोपडपट्टीजवळच्या बागेला देणगीदार कुठून आणायचे? म्हणून दत्तक योजना हे सगळ्या शहराचे उत्तर होऊ शकत नाही. जिथे पैसा आहे तिथे बाग फुलेल आणि जिथे नाही तिथे सुकेल, ही वाटणी महापालिकेने करू नये.

रहिवासी संघाकडेही तितक्याच स्पष्टपणे पाहायला हवे. संघात असतात बहुतेक सदनिकाधारक, त्यातही निवृत्त पुरुष. वेळ त्यांच्याकडे असतो, ते खस्ता खातात आणि त्यांच्यामुळेच पुष्कळ बागा तगल्या आहेत. पण बागेत येणारे तेवढेच नसतात. शेजारच्या वस्तीतली मुले, घरकाम आटोपून दुपारी सावलीत टेकणाऱ्या बायका, अभ्यासाला जागा नसलेली मुलगी, हे बैठकीला कधी नसतात. म्हणून दुपारी फाटक बंद ठेवण्याला संघांचा विरोध होत नाही, चेंडू खेळायला बंदीचे फलक लागतात आणि चालण्याचा ट्रॅक पहिला होतो. अर्बन95 या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात पुणे सहभागी झाले, तेव्हा तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून, म्हणजे 95 सेंटिमीटरवरून, शहर पाहा असे सांगितले गेले, आणि काही उद्यानांत अगदी लहानांसाठी वेगळी जागा झाली. ही नजर बाहेरच्या संस्थेने द्यावी लागली, हे आपल्या संघांनी मनाला लावून घ्यावे असे मला वाटते.

संघाला विश्वासात घेतले नाही की काय होते, हे कोथरूडच्या थोरात उद्यानाने दाखवले. तिथे मोनोरेल उभारायचे ठरले आणि परिसरातले लोक विरोधात उभे राहिले. मोकळी जागा जाईल, झाडे जातील आणि आम्हाला विचारले नाही, हे त्यांचे म्हणणे. मुलांसाठी आकर्षण हवे, ही प्रशासनाची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. पेशवे पार्कातली फुलराणी 1956 पासून पुण्याच्या कितीतरी पिढ्यांनी प्रेमाने जपली आहे. पण आराखडा कागदावर असतानाच बागेत एक टेबल मांडून तो लोकांना दाखवला असता तर चर्चा झाली असती, आंदोलनाची वेळ आली नसती. औंध-बाणेर-बालेवाडीत स्मार्ट सिटी मिशनच्या काळात झालेल्या प्लेसमेकिंगच्या, म्हणजे लोकांच्या वावरासाठी सजवलेल्या, जागांचे दुखणे याच्या उलट आहे. जागा उत्साहाने सजल्या. मिशनची मुदत 2025 च्या मार्चअखेर संपली आणि त्यांची निगा कोण राखणार हा प्रश्न मागे राहिला.

मला सुचते ते फार अवघड नाही. प्रत्येक बागेच्या फाटकावर एक फलक असावा: या वर्षीची तरतूद किती, ठेकेदार कोण, माळी किती आणि त्यांच्या वेळा काय, दोष दायित्वाचा कालावधी कधी संपतो. झोपाळा बसवून वर्ष झाले नाही तोच मोडला तर तो ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. हे ठाऊक नसल्याने त्याच झोपाळ्यासाठी पुन्हा तरतूद मागितली जाते. प्रत्येक बागेची एक समिती असावी, तिच्यात वस्तीतल्या दोन बायका आणि बागेचा माळी असलाच पाहिजे, आणि देखभालीचे बिल निघण्यापूर्वी तिचा शेरा घेतला जावा. नागरिकांनी सुचवलेल्या कामांच्या रकमेतला ठरावीक भाग देखभालीसाठी राखून ठेवावा. क्षेत्रसभा तर कायद्यात आहेच; ती भरवायला नवा कायदा नको, इच्छा हवी.

आणि हे सगळे होईपर्यंत थांबायचे कारण नाही. दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात कोणत्याही नागरिकाला माहिती अधिकाराचा अर्ज न करता कागदपत्रे पाहू देण्याची पद्धत पुणे महापालिकेने सुरू केली होती. 2018 मध्ये राज्य सरकारने ती इतर कार्यालयांनाही लागू केली. संघातल्या दोघांनी उद्यान विभागात जावे, आपल्या बागेची फाइल मागावी, लागल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करून, आणि तिच्यातले देखभालीचे करारपत्र आधी वाचावे.